टेकला की बसला

साहेब, तो दगड तुम्ही खाली टेकवायला लावलात. तुमचा हात त्याला लागला नाही, हे खरं. हात लावायची तुम्हाला गरजच काय? तुम्ही नुसतं ‘थांबा’ म्हणालात आणि खांद्यावर वीराचा दगड घेतलेली आठ माणसं चिखलातल्या चिंचोळ्या वाटेवर उभी राहिली. आमच्या भागात ‘थांबा’ म्हटलं की माणसं थांबतात. बाप थांबत आला, आजा थांबत आला. पायांनाच ते वळण पडलंय. तुम्हाला ते पक्कं ठाऊक होतं.

“सायेब, तेवढी वाट सोडा,” पुढच्या वाशाखालून गेनबा म्हणाला. त्याची मान वाकडी झाली होती आणि नजर जमिनीला होती. “वर चौथऱ्यावर बसवतो ह्याला, मंग तुमी म्हनाल तितका येळ उभं ऱ्हातो.”

“मास्तर, हा काय म्हणतोय?” साहेबांनी विचारलं.

गेनबा मराठीतच बोलत होता. तरी साहेबांना मधे मास्तर लागले.

सावळाराम मास्तर पोरांच्या रांगेपुढं टोपी हातात घेऊन उभे होते. ते म्हणाले, “साहेब, हा वीर आहे. एका जागेवरून दुसरीकडं नेताना वाटेत टेकवत नाहीत. टेकला की तिथंच बसला, अशी आमच्याकडं—”

“मग बसू दे की! मलाही मुलं त्याच्याभोवती बसलेलीच हवी आहेत.” साहेब हसले. साहेब हसले म्हणून पट्टेवालाही हसला, आणि त्यानं खांद्यावरची कॅमेऱ्याची पेटी काढून वाटेच्या मधोमध ठेवली.

हे सगळं इथवर कसं आलं ते सांगायला पाहिजे. त्या दिवशी साहेबांना ऐकायला सवड नव्हती.

भाटघरच्या धरणाची भिंत उंच झाली तेव्हा वेळवंडीच्या काठचं हे गाव पाण्यात गेलं. पाणी कालव्यानं खाली गेलं, ऊस तिकडं पिकला, आणि गाव वरच्या माळावर, कातळात जाऊन बसलं. निघताना गावानं रीत सोडली नाही. आधी देव नेले, मग गुरंढोरं, मग माणसं. वीर सगळ्यात शेवटी न्यायचा ठरला, कारण तो गावच्या जागल्याचा, रात्री गाव राखणाऱ्याचा, वीर. कधीकाळी गुरं वळवून न्यायला टोळी आली, तिच्यापुढं हा एकटा उभा राहिला. गुरं वाचली, हा पडला. त्याच्या नावाचा दगड गावानं वेशीत उभा केला, आणि नाव मात्र गाव विसरलं. आता जागल्या म्हणजे सगळ्यांच्या मागं निघणारा. गाव पुरतं रिकामं झाल्याशिवाय त्याला हलवायचं नाही, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं. पाणी कधी अडवणार ते गावाला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटचं घर रिकामं झालं आणि दुसऱ्या सकाळी माणसं वासे-दोर घेऊन उतरली, तर वीर छातीइतक्या पाण्यात उभा.

अशी चूक दुसऱ्या कुणी केली नसती. दगडाला मान द्यायचा म्हणून दगडच बुडवला.

त्या जागल्याच्या घरातली आता एकटी सगुणाबाई उरली होती. नवरा गेला, दोन पोरं तापानं गेली. वीराच्या पायाशी आवसेला दिवा ठेवायचा, आणि तो त्याच्या घरच्याच हातानं, अशी रीत. वीर पाण्यात, मग दिवा ठेवायचा कुठं? सगुणाबाई दर आवसेला पाण्याच्या कडेला जाऊन, वीर असेल त्या अंगाला तोंड करून पणती लावायची. वारा ती विझवायचा. ती पुन्हा लावायची.

“लोकाच्या दारात उभं ऱ्हाऊन आपल्याच माणसाला हाका माराव्या, तसं वाटतंय बग,” ती मास्तरांना म्हणायची. “सावळा, माजे डोळे हायेत तवर त्यो वर यावा. त्याच्या पायापाशी माज्या हातानं दिवा ठिवला की म्या मोकळी. माज्यामागं हाय कोन?”

मास्तर त्याच गावचे. पाणी आलं तेव्हा मिसरूड फुटलेला सावळा होते. भोरला जाऊन फायनलची परीक्षा पास झाले आणि परत येऊन देवळाच्या पडवीत शाळेला बसले. दुसरीकडं जायची संधी दोनदा आली, गेले नाहीत. पोरांवर जीव. रागावले तर डस्टर आपटायचे, पोरावर हात कधी उचलला नाही. त्यांची भीती एकच होती. दिपोटी साहेब तपासणीला येणार म्हटलं की मास्तरांचं पोट बिघडायचं. पडवी दोनदा सारवून घ्यायचे, पाटलाच्या घरून खुर्ची आणायचे. साहेबांपुढं एरवीचं सुरळीत मराठीही त्यांच्या तोंडातून तुटक यायचं. बायको म्हणायची, “अवं, त्यो काय वाघ हाय का?” मास्तर म्हणायचे, “वाघाला शेरा लिहिता येत नाही.”

त्या साली वरून हुकूम आला. पोरांना आपल्या भागाचा इतिहास पुस्तकाबाहेर नेऊन शिकवावा, सहली काढाव्यात, जुन्या वस्तू पोरांच्या हातात द्याव्यात. हुकूम चांगला होता. वाईट हुकूमच वाईट करतात असं थोडंच आहे? इतर शाळा राजगडावर गेल्या, तोरण्यावर गेल्या. मास्तरांनी पोरांना विचारलं, “आपण कुठं जायचं रे?”

मौलाली मुलाण्याची हसीना पहिल्यापासून तोंडाची फटकळ. ती म्हणाली, “मास्तर, मला आमचं घर बगायचंय. आई म्हनती दारात लिंब हुता. म्या बगितलाच न्हाई.”

“घर तर पाण्यात हाय,” एक पोरगं म्हणालं.

“पानी हटलंय न्हवं? जाऊन बग की, बाभळी उगड्या पडल्यात.”

खरंच, त्या उन्हाळ्यात कालव्यांनी धरण पार खरवडून काढलं होतं. मास्तर पोरांना घेऊन तळ्याच्या पोटात उतरले. राजगडाच्या सहलीत पोरं राजाच्या घराची जोती बघतात. इथं प्रत्येक पोर आपल्या घराचं जोतं शोधत होतं.

“हितं आमचं घर!”

“गप ए, तितं आमचा गोठा हुता. आज्यानं सांगितलंय.”

“मंग तुजा आजा आमच्या चुलीवर म्हशी बांदत हुता का?”

अर्धं जातं सापडलं, उखळाचा दगड सापडला. हसीनाला लिंबाचा काळा पडलेला बुंधा सापडला आणि ती त्यावर चढून बसली ती उतरेचना. मास्तरांनी पोरांना गल्ल्या आखायला लावल्या, घराघरावर दगड ठेवून नावं बोलायला लावली. आणि वेशीच्या जागी, गाळातून हातभर वर आलेल्या दगडावर चंद्र-सूर्य दिसले.

पोरं खुरप्यांनी उकरायला लागली, मग खुरपी टाकून हातांनीच. मास्तर मधेमधे ओरडत होते, “हळू, हळू! कोरीव काम आहे ते!” घागरींनी पाणी आणून पोरांनी दगड धुतला. खाली गुरं निघाली. गुरांपुढं ढाल धरलेला एक माणूस, आणि त्याच्या पायतळी तोच माणूस आडवा. त्यावरच्या पट्टीत दोन बाया त्याला दोन्ही दंडांना धरून चाललेल्या.

“मास्तर, ह्यो आडवा का?”

“मेला.”

“आन् ह्या बाया?”

“अप्सरा. वर नेतायत त्याला.”

“कुठं, नव्या गावठानात?”

सगळी पोरं हसली. मास्तरही हसले. मग एकाएकी कुणीच हसेना.

“मास्तर,” हसीना म्हणाली, “मग आपनच न्हेऊ की ह्याला वर.”

त्या सहलीचा तो खरा धडा. पोरांनी घरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचं, वीर कसा हलवतात? दुसऱ्या दिवशी दहा घरच्या दहा गोष्टी आल्या. कुणी म्हणालं वाघाशी लढला, कुणी म्हणालं चोराशी. पण हलवायची रीत साऱ्यांनी एकच सांगितली. वीर गाडीत घालायचा नाही. वाशांना बांधून खांद्यावर न्यायचा, दमला गडी की चालत्या पावलात खांदा बदलायचा, आणि ठरल्या जागेवर पोचेपर्यंत भुईला टेकू द्यायचा नाही. टेकला की बसला. मग त्याची जागा तीच. वाटेत बसलेला पुन्हा उठवला तर घर बुडतं.

मास्तरांनी ते पाटीवर लिहून घ्यायला लावलं. ‘टेकला की बसला.’ म्हणाले, “नुसता दगड म्हणजे इतिहास नव्हे. त्याला वागवायची रीत, तोही इतिहासच. सनावळीइतकाच पक्का पाठ करा.”

पोरांनी केला पाठ.

मग चौथरा. देवळाच्या उजव्या अंगाला जागा ठरली. प्रत्येक पोरानं आपल्या बुडालेल्या घराच्या जोत्यातला एक दगड डोक्यावर घेऊन वर आणायचा, आणि त्या दगडांचा चौथरा करायचा. ज्या घरात शाळेतलं पोर नव्हतं त्या घरचा दगड दुसऱ्यानं आणला. सगुणाबाईच्या घरचा हसीनानं आणला. सगुणाबाई रोज सकाळी पडवीच्या पायरीवर येऊन बसायची, पोरांना गुळाचा खडा द्यायची आणि कामात खोड काढायची.

“ए मुलान्याच्या पोरी, त्यो कोपरा तिरपा झालाय. माजा वीर काय कलंडून बसायचा?”

“म्हातारे, तुलाच दिसतंय तिरपं. मोतीबिंदू काढ जा.”

“आगं, दिवा ठिवन्यापुरतं तरी दिसतंय न्हवं? लई झालं.”

चौथरा झाला. शेणानं सारवला. पुढं पणतीसाठी कोनाडाही ठेवला. आणि इथं मास्तरांनी एक गोष्ट केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, साहेबांना दाखवण्याजोगं आपल्या हातून काही झालंय. त्यांनी वर कळवलं. निरोप आला, साहेब जातीनं येतील, तोवर दगड हलवू नये.

गाव थांबलं. साहेब सांगितल्या दिवशी आले नाहीत. दुसरा दिवस कळवला, त्या दिवशीही आले नाहीत. वर वेल्ह्याच्या डोंगरांवर ढग दाटायला लागले. गेनबा वासे-दोर घेऊन शाळेत आला. “मास्तर, डोंगरात पाऊस लागला की हितं कोरड्यात पानी चढतंय. एकदा बुडवला, पुन्यांदा बुडवायचा का?” मास्तर म्हणाले, “उचला.”

आणि नेमके त्याच दिवशी साहेब आले.

वीर उठवून माणसं अर्धी चढण चढली होती. वाट म्हणजे जुन्या गाडीवाटेचा उंचवटा, एका वेळी जेमतेम वासे जातील इतका, आणि दोन्ही बाजूला मांडीभर गाळ. पुढं सगुणाबाई, हातात पणती आणि तेलाची बुधली. तिच्यामागं पोरं. मग वीर. बदली खांदा देणारे गडी मागं. वाट रुंद झाली की ते पुढं सरकणार. धरण भरलं की पाणी जिथवर चढतं तिथं खडकावर पांढरी रेघ उमटलेली आहे. ती रेघ अजून दोन शेतं वर होती. ती ओलांडली की वीर सुटला.

साहेब त्या रेघेच्या खालच्या अंगाला, वाट अडवून उभे राहिले. मोटार वर रस्त्याला. बुटांना चिखल लागला होता, म्हणून आधीच वैतागलेले.

“मास्तर, तुम्ही शिकलेले. मुलांना इतिहास शिकवता की खुळ्या समजुती?”

“साहेब, समजूत... म्हणजे... लोकांची—”

“दगड खाली ठेवायला सांगा. मुलांना भोवती बसवा. पाठ चालू असताना छायाचित्र हवं आहे. वर अहवाल जायचाय.”

“वर चौथरा केलाय साहेब. मुलांनी केलाय. तिथं सावलीही—”

“मी तिथवर चढत जाऊ?”

वाशांखालच्या माणसांपैकी कुणी दगड ठेवला नाही. साहेबांच्या ते ध्यानात आलं. ते चिडले नाहीत. चिडायची गरज त्यांना नसते. ठेवतील, दमतील तेव्हा ठेवतील, अशा चेहऱ्यानं ते पोरांकडं वळले.

“सांगा पाहू, तोरणा कुणी घेतला?”

पोरांनी सांगितलं.

“कुणाच्या बळावर?”

“मावळ्यांच्या!”

“शाब्बास! तुम्ही त्याच मावळ्यांची मुलं. अंगात काय ताकद त्यांच्या! पाठीवर ओझं घेऊन रातोरात गड चढत. तक्रारीचा शब्द नाही.”

पोरांच्या पाठीमागं आठ मावळे वाशांखाली उभे होते. ओझं घेऊन चालताना माणूस निम्मं ओझं पायांना वाटून देतो. उभं राहिलं की सगळं मणक्यावर येतं. गेनबाच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. त्याच्यामागच्या मौलालीच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटप गळत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. बदली गडी मागून ओरडत होते, “सरका, आमाला फुडं येऊ द्या!” पण सरकायचं कुठं?

“मास्तर, बोला काय तरी,” मौलाली दातांतून म्हणाला. “आवो, तुमी बोला!”

मास्तरांनी तोंड उघडलं. “साहेब...”

“थांबा. मुलांचं होऊ द्या.”

मास्तर थांबले.

तेव्हा सगुणाबाई पुढं झाली. तिनं पणती पदरात धरली आणि दुसरा हात साहेबांच्या बुटाला लावून कपाळाला लावला. “लेकरा, तुजं कल्यान हुईल. येवढी वाट दे. मागं सरायला जमत नसंल तर माज्या पाठीवर पाय दे, पन त्यास्नी जाऊ दे.”

साहेब एक पाऊल मागं गेले, ते बुटाला लागलेल्या हातामुळं. “मास्तर, या बाईंना बाजूला घ्या.”

आणि मास्तरांनी घेतलं. कोपराला धरलं, अगदी हळू, आणि वाटेच्या कडेला नेऊन उभं केलं. लहानपणी ज्या बाईनं खांद्यावर बसवून नदीपार नेलं, तिला. सगुणाबाईनं त्यांच्याकडं बघितलं नाही. तिची नजर गेनबाच्या गुडघ्यावर होती.

गुडघा गेला. उजवा. आधी नुसता लचकला, गेनबानं तो ताठ केला, दात खाल्ले, “धरा रं!” म्हणाला, आणि मग तो गुडघा मोडल्यासारखा बसला. वासे पुढं कलले. मौलालीनं छाती पुढं करून दगड अंगावर झेलायचा प्रयत्न केला. दगड त्याच्या छातीवरून घसरला आणि सरळ, आपल्याच पायावर, भुईत उभा राहिला. मऊ भुई. हातभर आत गेला. जसा वेशीत होता तसाच, तोंड गावाच्या वाटेकडं.

पोरांपैकी कुणीतरी श्वास आत ओढलेला ऐकू आला.

“हं. आता कसं,” साहेब म्हणाले. “बघा, काही झालं का? आभाळ कोसळलं का? मास्तर, बसवा मुलांना.”

पोरं बसली. मास्तरांनी बसवली म्हणून बसली. हसीना बसली नाही. ती बापाच्या छातीवरचं खरचटलेलं बघत उभी राहिली. पट्टेवाल्यानं कॅमेऱ्याची पेटी उघडली, साहेबांनी काळ्या कापडात डोकं घातलं आणि बाहेर काढलं. पुढं होऊन मास्तरांच्या पाठीवर थाप मारली.

“उत्तम उपक्रम. आता न्या वर खुशाल. माझी काही हरकत नाही.”

मोटारीचा आवाज रस्त्यावरून वळणापलीकडं गेला तोवर माणसं तिथंच उभी होती.

“चला,” मास्तर म्हणाले. “चला, बदली गडी पुढं या. दोर आवळा. अरे, आपण कुठं टेकवला? गुडघा गेला गेनबाचा. ते काय टेकवणं झालं?”

कुणी हललं नाही.

“मास्तर, माज्या ह्या गुडग्यानं घात केला हो,” गेनबा म्हणाला. तो गाळात बसून त्या गुडघ्यावर मूठ मारत होता. “तोडून टाकू का ह्याला? सांगा, तोडून टाकतो.”

“तुज्या गुडग्यानं न्हाई,” मौलाली म्हणाला.

मास्तर सगुणाबाईकडं गेले. “आत्ती, तू घरची. तू एकदा ‘उचला’ म्हण. तुझा शब्द कुणी मोडणार नाही. दोन शेतं राहिलीत ग. ती बघ रेघ.”

सगुणाबाईनं रेघेकडं बघितलं, मग वीराकडं. लई वेळ बघितलं. तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते तिलाच माहीत. एवढं खरं की ‘उचला’ म्हणायचा मोह तिच्याइतका तिथं कुणालाच नव्हता.

“म्या म्हनलं तर उचलतील,” ती म्हणाली. “पन उद्या कुनाचं पोर दगावलं, कुनाचा बैल बसला, तर म्हनतील म्हातारीनं आपल्या एका दिव्यापायी बसलेला वीर उपटला. लोक म्हनतील त्ये म्हनू देत रं. म्या बी म्हनीन. मंग कुनाच्या तोंडाकडं बगून त्यो दिवा लावू?”

मास्तरांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि वाशाला स्वतः खांदा लावला. एकट्यानं. वासा करकरला, दगड तसूभर हलला नाही. खांदा काढला, पुन्हा लावला.

“मास्तर,” मागून हसीनाचा आवाज आला. तिच्या बोलण्यात फटकळपणा नव्हता, ती नुसतं आठवण करून देत होती. “तुमीच पाटीवर लिवून दिलं हुतं.”

मास्तरांनी वासा सोडला.

सगुणाबाईनं तिथंच पणती ठेवली. वीराच्या पायापाशी, आपल्या हातानं. जे मागितलं होतं ते मिळालं, दोन शेतं खाली. वारा नव्हता. पणती सरळ जळली.

पुढं ती रोज उतरायची. आवसेची वाट बघायला वेळ नव्हता. मग वर डोंगरात लागला. इथं ऊन होतं, धूळ उडत होती, आणि गढूळ पाणी आवाज न करता चढत होतं. पहिल्या दिवशी ते वीराच्या पायाला लागलं. सगुणाबाईनं पणती उचलून अलीकडच्या दगडावर ठेवली. दुसऱ्या दिवशी आणखी अलीकडं. मास्तर तिला आणायला गेले तेव्हा ती गुडघाभर पाण्यात उभी राहून चंद्र-सूर्य बुडताना बघत होती.

“जागल्याच त्यो,” ती म्हणाली. “समद्यांच्या मागं ऱ्हायचा त्याचा मानच हाय. चल.” मास्तरांनी कोपराला हात लावला, तो तिनं काढून टाकला. आपली आपण चढली.

त्या पावसाळ्यातच ती गेली. आवसेला आता पाण्याकाठी कुणी दिवा लावत नाही. घरच्याच हातानं लावायचा असतो, आणि घर संपलं.

साहेब, तुमचं छायाचित्र आलं. काचेत बसवून आलं, शाळेत दर्शनी लावायचा हुकूम त्यासोबत होता. खाली छापलंय: ‘मुले स्थानिक इतिहासाचा प्रत्यक्ष अनुभव घेताना.’ छाप सुरेख उठलाय. दगडाची गुरं ओळखू येतात, पडलेला माणूस ओळखू येतो. पोरांच्या मागं एक मुलगी उभी आहे, ती हलल्यामुळं तिचं तोंड पुसलं गेलंय. मास्तर इतिहासाच्या तासाला त्या भिंतीकडं पाठ करून शिकवतात. पुस्तकातलंच शिकवतात.

चौथरा देवळाच्या उजव्या अंगाला आहे. पोरं त्याच्यावर बसत नाहीत, खेळताना चेंडू गेला तरी वाकून काढतात, पाय देत नाहीत. दर पंधरवड्याला तो कुणीतरी सारवतं. कोण ते शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या बापाच्या छातीवर अजून व्रण आहे.

यंदा तुमच्याकडून पुन्हा विचारणा झाली, की इतिहासाची सहल कुठं नेणार? मास्तरांनी पोरांना विचारलं. मग हसीना उठली आणि म्हणाली, “आदी सायबास्नी इचारा, त्या चौथऱ्यावर आता काय बसवायचं?”

मास्तर तुम्हाला हे विचारणार नाहीत. त्यांचं पोट बिघडलंय. म्हणून मीच, गावातला एक, आज भर बाजारात, चार माणसांदेखत विचारतोय. बुडालेल्या प्रत्येक घरचा एकेक दगड पोरांनी डोक्यावर वाहून आणलाय, कोनाडा पणतीच्या मापाचा केलाय, आणि वर जागा मोकळी आहे.

साहेब, काय बसवायचं तिथं? सांगा.